हुंकाऱ्याची जागा

"वऱ्हाडात सगळ्यात पुढं कोण?" बापाच्या कोटाचं वरचं बटण लावत मोनालीने विचारलं.

"अस्वल."

"अस्वल काय वाजवते?"

"सनई."

"अन् त्याच्या मांगं?"

बळीरामने खालच्या बटणाला हात घातला. ते लागलेलंच होतं, तरी काढलं आणि पुन्हा लावलं. मोनालीचे हात कॉलरवरच थांबले. नागपूरच्या नंदनवनमधल्या त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे पार छताला टेकले होते, आणि त्यांच्यामधून जागा करून ग्रंथपाल यमुताईंनी दोन खुर्च्या टाकल्या होत्या. भिंतीपलीकडे पोट्ट्यांनी नुसता कल्ला मांडला होता.

"बाबा, अस्वलाच्या मांगं कोण आहे?"

"कोणी असो वं. नवरदेव तर वाघच आहे ना?" असं म्हणून तो हसला.

अडलं की हसून मोकळं व्हायचं, ही त्याची जुनी खोड. गावोगावची माणसं या हसण्याला भुलत. मोनाली भुलत नसे. ती त्याची मुलगी होती, आणि आई गेल्यापासून प्रत्येक कार्यक्रमात त्याच्या डाव्या बाजूला तीच बसत होती.

"साळिंदर," ती म्हणाली. "काट्याकाट्यावर दिवा लावून साळिंदर चालते."

"माहीत आहे मले."

"माहीत आहे तर सांगाचं होतं."

"तू विचारतं कुठं? तू तर परीक्षाच घेऊन राहिली माही."

खुर्चीवरचा फोन थरथरला. 'मानकापूर सोडलं,' एवढाच मेसेज होता. मोनालीने फोन उलटा ठेवला, पण बळीरामने पाहायचं ते पाहिलं होतं.

"संघपाल येऊन राहिला का?"

"हो."

"येऊ दे," तो म्हणाला, आणि खिशातून कंगवा काढून उरलेसुरले केस विंचरायला लागला.

नागपूरची कापड गिरणी बंद पडली तेव्हा तिथल्या कामगारांपैकी कोणी पानठेला टाकला, कोणी ऑटो घेतला. बळीराम मेश्रामने गोष्टी काढल्या. खांद्यावर निळा दुपट्टा, हातात एक पिशवी आणि एस.टी.चा प्रवास, एवढ्या भांडवलावर तो विदर्भातली वाचनालयं पालथी घालत आला. वाचनालयंच का, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर तयार असे. देवळात गोष्ट सांगतली तर तिचा प्रसाद होते, चौकात सांगतली तर तमाशा होते, वाचनालयात सांगतली तर एखादं पोट्टं उठून कपाटाजवळ जाते. मग ते कपाट एका खोलीच्या ग्रामपंचायतीतलं का असेना.

गोष्टीला हुंकारा लागतो. सांगणारा सांगतो, आणि दुसऱ्या कोणीतरी 'हं' म्हणायचं असतं. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. आधी हा हुंकारा बळीरामची बायको इंदूबाई देत असे. ती गेल्यावर मोनाली त्या जागेवर बसली आणि तिथलीच झाली. स्वतः गोष्ट सांगायचा विषय निघाला की ती कानाला हात लावत असे. "मले नाई जमत" हे तिचं ठरलेलं वाक्य. बळीरामने सांगून पाहिलं, यमुताईंनी आग्रह करून पाहिला, शेवटी सगळ्यांनी नाद सोडला.

पण गेल्या वर्षापासून या हुंकाऱ्याचं काम वाढलं होतं. बळीराम विसरत होता. आधी नावं गेली, मग मधले दुवे निसटायला लागले. मोनालीने गाजावाजा न करता हुंकाऱ्यातच ठिगळं लावायला सुरुवात केली. 'हंऽऽ' असं लांबवलं की त्याने समजावं, गोष्ट थांबून राहिली. 'अरे बाप्पा!' म्हटलं की काहीतरी गाळलं गेलं. आणि अगदीच गाडी अडली तर भोळ्या बाईसारखं विचारायचं, "अन् एवढ्या अंधारात वऱ्हाडाले दिसलं कसं?" की त्याला साळिंदर आठवे. ऐकणाऱ्यांना वाटे, काय रंगून ऐकते पोरगी! हुंकारा देणारीकडे कोणी पाहत नाही, हीच तिची सोय होती.

संघपाल तिचा मोठा भाऊ. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला, कॉलनीत क्वार्टर. दर रविवारी त्याचा फोन येई आणि तो विचारी, "बाबा विसरतात का वं काही?" दर रविवारी मोनाली सांगे, "नाही गा दादा, सगळं तोंडपाठ आहे." खोटं बोलताना तिची जीभ अडखळत नसे, कारण तिला भीती खरी होती. बाप घरी बसला तर महिन्याभरात मातीला मिळेल असं तिला वाटे. आणि आपलं काय? हुंकारा देणाऱ्या एकट्या बाईला कोण बोलावणार?

मग खापा गावचं ते प्रकरण झालं. तिथल्या वाचनालयात बळीरामने वाघाला नवरीच्या दारात आणलं, गोष्ट पुढे नेली आणि पुन्हा दारातच आणलं. परत एकदा आणलं. पोट्ट्यांना वाटलं गंमतच आहे, त्यांनी टाळ्या पिटल्या. मोनालीने कशीबशी गोष्ट आवरली आणि आभारप्रदर्शनाच्या गडबडीत तिचं लक्ष चुकलं. बळीराम सापडला तो कन्हान नदीच्या काठावर. बूट हातात घेऊन घोटाभर पाण्यात उभा होता आणि कपडे धुणाऱ्या बायांना नागपूरची बस कुठून सुटते ते विचारत होता. मोनाली त्या घाटावरच धाय मोकलून रडली. ही बातमी तिने लपवलीही असती, पण वाचनालयाच्या भल्या सचिवाने काळजीपोटी संघपालला फोन केला.

संघपाल दुसऱ्याच दिवशी त्यांच्या इंदोऱ्यातल्या घरी आला आणि बहीणभावांत जे व्हायचं ते झालं. शेवटी त्यानेच तोड काढली. पुढचा कार्यक्रम नंदनवनात आहे, तिथं मी येतो. बाबांनी गोष्ट धडपणे शेवटाला नेली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. अडले तर त्याच दिवशी माझ्यासोबत कोराडीला. मोनालीने 'ठीक आहे' म्हटलं. बळीराम तेव्हा तिथंच बसून शेंगा सोलत होता. आपल्याबद्दल चाललंय याची त्याने दखलही घेतली नव्हती.

यमुताईंनी दार लोटलं. "बळीरामभाऊ, पोट्टे आता सतरंजी खातात की काय असं होऊन राहिलं. अन् मोनाली, तुझा भाऊ आला वाटते."

संघपाल त्यांच्या मागेच उभा होता. काखेत हेल्मेट, बुटांवर कोराडीची राख.

"जयभीम, बाबा. जेवले का?"

"जेवले," मोनाली म्हणाली.

"तुले नाही विचारलं मी. त्याईले विचारलं."

 यमुताई शहाण्या, त्या पोट्ट्यांवर ओरडायच्या निमित्ताने निघून गेल्या.

"जेवलो," बळीराम म्हणाला.

"काय होतं जेवाले?"

मोनालीने पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरला. बळीरामने कंगवा खिशात ठेवला, दुपट्टा नीट केला आणि मगच मुलाकडे पाहिलं.

"वांग्याची भाजी. मीठ कमी होतं. तुह्या बहिणीच्या हातचं, म्हणून बोललो नाही. अजून काही विचारतं का, का जाऊ दे मले पोट्ट्याईकडं?"

संघपालला हसू आलं, ते त्याने दाबलं नाही. मोनालीने पिशवीचा बंद सोडला. वांगंच होतं. आज दिवस बरा होता, आज निभावून जाईल.

बळीराम पुढे गेल्यावर संघपालने तिला दारात थांबवलं.

"मोना, मी काही दुश्मन नाही वं."

"मी म्हटलं का तसं?"

"खाप्याले त्या दिवशी पाणी चढलेलं असतं तर?"

 हा प्रश्न ती स्वतःलाच इतक्या वेळा विचारत होती की दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तिला रागच आला.

"माझ्याइथं खालचीच खोली आहे," तो म्हणाला. "तुझी वहिनी दिवसभर घरी असते. गेटवर माणूस आहे."

"गेटवर माणूस आहे म्हणूनच तर. बाहेर सोडन का तो त्याईले?" ती म्हणाली आणि त्याच्या बाजूने निघून गेली.

दिवाणखान्याएवढ्या त्या हॉलमध्ये सतरंजीभर पोरं बसली होती, भिंतीलगतच्या बाकांवर त्यांचे आईबाप आणि रोज पेपर वाचायला येणारे चार म्हातारे. बाजूच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं होती. गोंगाटाबद्दल तक्रार करायला म्हणून ती दारात आली आणि तक्रार विसरून तिथंच टेकून उभी राहिली. संघपाल शेवटच्या कपाटाला पाठ लावून उभा राहिला. मोनाली बापाच्या डाव्या हाताला, थोडी मागे, मांडी घालून बसली.

"तर गोष्ट आहे लटारीची," बळीरामने सुरुवात केली.

"हं."

"लटारी पहाटे पहाटे मोहफुलं वेचाले जंगलात गेला."

"हं."

"वेचता वेचता हाताले काय लागलं? फूल म्हणून उचलाले गेला, तर शेपूट!"

"अगं माय!"

पोरं खिदळली. लटारी वाघाच्या पायाशी लोळण घेऊन म्हणाला, मले खाऊ नका, मी तुम्हाले माही पोरगी देतो. वाघाने विचारलं, केव्हा? लटारी म्हणाला, आंब्याले मोहर आला का. घरी येऊन लटारी रोज आंब्याखाली उभा राही आणि झाडाला हात जोडी, बाबा रे, यंदा मोहरू नको. म्हातारे हसले, आईबाप हसले. बळीरामचा आवाज आज खणखणीत लागला होता. मोहर आला, वाघाचं वऱ्हाड निघालं. पुढे अस्वल सनई वाजवत.

मोनालीने पुढचा प्रश्न जिभेवर तयार ठेवला. पण तो विचारायची वेळच आली नाही.

"अन् त्याच्या मांगं," बळीराम आपणहून म्हणाला, "काट्याकाट्यावर दिवा लावून साळिंदर!"

तिने मान वर करून पोरांच्या मागे पाहिलं. संघपालने हेल्मेट खाली ठेवलं होतं आणि तोही इतरांसारखाच ऐकत होता. तिच्या पाठीतला ताठरपणा जरा सैल झाला. जिंकलो, असं तिच्या मनात येऊन गेलं.

वऱ्हाड लटारीच्या अंगणात आलं. वाघाने दारावर पंजा मारला. 'सासरेबुवा, मोहर आला. पोरगी काढा बाहेर.' लटारी आतून म्हणाला, मले ताप आहे, उद्या या. वाघ म्हणाला, पोरीले ताप आहे का? लटारी दाराच्या कडीला लोंबकळला. बाहेर वाघ, आत बाप, आणि चुलीजवळ पोरगी.

"बापाची दातखीळ बसली," बळीराम म्हणाला. "पोरगी चुलीजवळून उठली. दाराजवळ आली. अन् आतून म्हणते..."

तो थांबला.

"हं," मोनाली म्हणाली.

बळीराम पोरांकडे पाहत राहिला.

"हंऽऽ," तिने लांबवलं.

पोरं डोळे मोठे करून पाहत होती. अजून ही थांबण्याची जागा वाटण्यासारखी होती. अजून फार बिघडलेलं नव्हतं.

"मंग? पोरगी आतून काय म्हणते, बाबा?"

बळीराम पूर्ण वळला. सांगणारा कधी हुंकाऱ्याकडे वळत नाही, पण तो अख्खा वळून तिच्याकडे तोंड करून बसला.

"काय म्हणते?" त्याने तिलाच विचारलं.

पोरं हसली. मग हसणं ओसरलं. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने घसा खाकरला, यमुताईंनी चष्मा काढला. बळीराम तसाच बसून होता, हात मांडीवर, नजर लेकीवर. मोनालीच्या कानात गरम वाफ आल्यासारखं झालं. पोरांच्या मागे संघपालने हेल्मेट उचललं. पोरांमधून वाट काढत तो पुढे यायला लागला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, नुसती कणव होती. ती कणवच तिला सहन होईना.

"पोरगी म्हणते..."

आवाज आपलाच आहे हे तिला जरा उशिरा कळलं. संघपाल जागीच थांबला.

"पोरगी म्हणते, दम धर नवरदेवा. एवढी काय घाई? आमच्यात नाव घ्याची रीत आहे. नाव घे, अन् ने मले."

"हं," उजवीकडून आलं.

बळीरामने हुंकारा दिला होता. मोनालीने त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तिचा धीर सुटला असता. ती गुडघ्यांवर उठली.

"वाघ म्हणते, नाव? कोणाचं नाव?"

"हं."

"पोरगी म्हणते, जिले न्याले आला, तिचं. आता झाली ना पंचाईत! लटारीनं पोरगी देतो म्हणून सांगतलं होतं, नाव कुठं सांगतलं होतं? अस्वलानं सनई तोंडातून काढली. साळिंदर म्हणते, नवरदेवाले नवरीचं नाव माहीत नाही, हे कसलं वऱ्हाड! अन् फुसकन हसलं, तर अर्धे दिवे विझले."

विझलेले दिवे बळीरामच्या गोष्टीत नव्हते. ते कुठून आले कोण जाणे, पण पोरं लोळायला लागली. अभ्यासिकेतला एक दाढीवाला मुलगा दारातून आत येऊन सतरंजीच्या कडेला बसला.

"हं," बळीराम म्हणाला.

"वाघाची अशी शरम गेली! त्यानं दाराच्या फटीले तोंड लावलं. इतक्या हळू म्हणते, का अस्वलालेही ऐकू जाऊ नये. म्हणते, सासरेबुवा, तुमच्या पोरीचं नाव काय?"

वाक्य संपलं. इथे हुंकारा येणार, असं कोणालाही वाटेल. आणि इथेच तो द्यायचा नसतो. अख्ख्या गोष्टीत ही एकच जागा अशी, की जिथं 'हं' म्हटलं तर गोष्ट मरते. लटारी आता नाव सांगून बसतो की काय, या भीतीने सगळ्यांचा श्वास अडकला पाहिजे. आईजवळ हुंकारा शिकत होती तेव्हा मोनालीने या जागी हटकून हुंकारा दिला होता आणि इंदूबाईने तिच्या मांडीला असा चिमटा काढला होता की निळं पडलं होतं. ज्याला गोष्ट पुढे कुठं जाते ते माहीत नाही, त्याला ही जागा कळणं शक्य नाही.

बळीराम गप्प होता.

ओठ मिटलेले, हनुवटी किंचित वर. तो पोरांकडे पाहत होता आणि पोरं श्वास रोखून मोनालीकडे. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. तिने मुद्दाम ती शांतता आणखी ताणली, त्याला चुकायला जागा दिली. तो चुकला नाही.

अस्सं!  म्हणजे बुढ्ढा विसरला नाही. त्याला सगळं आठवून राहिलं आहे, इथली जागासुद्धा. सगळ्यांदेखत, दादादेखत, जाणूनबुजून त्याने गोष्ट माझ्या पदरात टाकली. तिला इतका संताप आला की तिथंच उठून त्याला गदागदा हलवावं, विचारावं, हे काय करून ठेवलं तुम्ही? पण समोर पोरं होती, आणि लटारीने अजून उत्तर दिलं नव्हतं.

"लटारीनं एकडाव तोंड उघडलं होतं, अन् पोरगी देऊन बसला होता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला तो लोकांना लटारीचाच वाटला. "आता त्यानं तोंड मिटलं. म्हणे, नाव तिचं आहे. तिलेच विचार."

"हं!" बळीराम म्हणाला.

"मंग काय! वाघानं एकेक नाव घेऊन पाहाले सुरुवात केली. चंपा? नाही. शेवंता? नाही. तुम्ही सांगा रे, अजून कोणतं घेतलं असन?"

"अपेक्षा!" पहिल्या रांगेतली एक मुलगी ओरडली.

"तुझं नाव आहे का? तेही घेतलं. नाही!"

"नूपुर!"

"नाही!"

मग तर हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. ज्याने त्याने आपलं, बहिणीचं, शाळेतल्या बाईचं नाव ओरडून पाहिलं आणि मोनालीने प्रत्येकाला 'नाही' म्हणून परत पाठवलं. सकाळ झाली, वऱ्हाड उपाशी घरी गेलं. वाघ एकटा जंगलाच्या कडेला बसून राहिला. अजूनही रात्रीबेरात्री तो जो आवाज करतो त्याला लोक डरकाळी म्हणतात, ती डरकाळी नाही. तो एखादं नाव घेऊन पाहतो.

"पण खरं नाव काय होतं?" अपेक्षाने विचारलं.

"वाघ ऐकून राहिला असन. इथं कसं सांगू?"

टाळ्या थांबेनात. यमुताईंनी आभार मानायला तोंड उघडलं तर त्यांचा आवाज कोणाला ऐकू जाईना. मोनाली कोणाकडे न बघता बापाचा हात धरून त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली आणि तिने दार लावलं.

"विसरले नव्हते तुम्ही."

बळीराम खुर्चीवर बसला. "कोण म्हणते?"

"मी म्हणते. लटारीले नाव विचारलं तिथं तुम्ही गप्प बसले."

"बसलो असन."

"बाबा!"

"अवं हळू. पलीकडं लोक आहेत."

"असू द्या! दादा आता घेऊन जाते तुम्हाले. तुमच्यासमोर ठरलं होतं. शेंगा सोलत होते ना तुम्ही? ऐकलं नव्हतं का?"

"ऐकलं होतं."

"मंग काहून? काहून केलं असं?" तिला रडू फुटलं. तिने ते पुसलंही नाही.

बळीरामने खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला आणि त्याच्या घड्या घालत बसला. 

"मघाशी तू विचारलं, अस्वलाच्या मांगं कोण," तो म्हणाला. "मले खरंच नाही आलं. साळिंदर माझ्यापासून असं गेलं जसं कधी नव्हतंच. मंग पोट्ट्याईसमोर बसलो तर परत आलं. म्हटलं, आज सगळी हातात आहे. उद्या नसन. मंग तुले काय देऊ, रिकामा हात?"

"मले सांगाचं तर होतं."

"सांगतलं असतं तर तू काय म्हटलं असतं?"

 काय म्हटलं असतं ते दोघांनाही पाठ होतं.

"दिवे विझवले ते चांगलं केलं," दुपट्टा बाजूला ठेवत तो म्हणाला. "मले इतक्या वर्षांत सुचलं नाही ते."

दारावर टकटक झाली आणि संघपाल आत आला. त्याने हातातले चहाचे पेले खुर्चीवर ठेवले. कोणाशी आधी बोलावं हे त्याला कळत नव्हतं.

"मस्त झालं, बाबा," तो म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "तू तर... मले माहीतच नव्हतं वं, मोना."

"मलेही नव्हतं."

बळीराम वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागला. संघपालने त्याच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा मोनालीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"एक विचारतो, खरं सांग. मी पुढं येऊन राहिलो होतो तेव्हा मले बाबांचा चेहरा दिसला. विसरलेल्या माणसाचा वाटला नाही मले तो. अन् नंतर हुंकाराही बराबर देऊन राहिले होते." तो थांबला. "ते विसरले का मुद्दाम थांबले? मुद्दाम असन तर मी एकटाच जातो परत. शब्द म्हणजे शब्द. तू सांगशील ते मानतो."

नाडी बांधणारे हात थांबले. बळीरामने मान वर केली नाही. मोनालीला त्याचा पांढरा माथा दिसत होता, आणि कोटाच्या कॉलरमध्ये बारीक झालेली मान. एक शब्द खरा बोलायचा होता. एवढा एक शब्द बोलली असती तर उद्या दोघं पुन्हा एस.टी.त बसली असती, आणि परवा कदाचित पुन्हा कन्हानचा घाट.

"विसरले," ती म्हणाली. "वर्षभरापासून विसरूनच राहिले आहेत. मीच तुले खोटं सांगत होती, दादा."

संघपालने डोळे मिटून घेतले, जरा वेळाने उघडले.  बाहेर पोरं सतरंजी गुंडाळत होती. बळीरामची नाडी बांधून झाली, तरी तो वाकलेलाच राहिला.

"हेल्मेट एकच आहे का गा?" त्याने खालूनच विचारलं.

"दोन आणले, बाबा," संघपाल म्हणाला.